आर्वोचा कोपरा

(फिनलंडमधलं एक लहान गाव. कामगारांच्या बाजूचे 'लाल' आणि जमीनदारांच्या बाजूचे 'गोरे' यांच्यात झालेल्या १९१८ च्या युद्धाचं शंभरावं वर्ष सरत आलंय. नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. सत्तरी ओलांडलेली लेम्पी, तिचा नवरा आर्वो आणि ग्रामपालिकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी काइसा, तिघं स्वयंपाकघरात आहेत.)

लेम्पी : आणि हे सांगायला तुला आजचाच दिवस सापडला? भट्टीत हॅम आहे, चुलीवर खीर आहे, सौनाची खोली तापायचीय.

काइसा : आज सांगायलाच हवं. तासाभरात तू मेणबत्ती घेऊन आजोबांच्या स्मारकाच्या दगडाशी निघशील.

लेम्पी : दर वर्षीच निघते.

काइसा : म्हणूनच तर. आई, जरा बस ना.

लेम्पी : बसले तर खीर खाली लागेल. मी ढवळते, तू बोल. माझे कान काही चुलीवर ठेवलेले नाहीत.

काइसा : मैदानावर खोल्या बांधायला घेतल्या होत्या ना आम्ही, खेळणाऱ्यांना कपडे बदलायला? पाइनच्या झाडांच्या बाजूला. सप्टेंबरात काम थांबलं, तेव्हा पाण्याचा पाइप फुटला असं सांगितलं होतं सगळ्यांना. पाइप नव्हता फुटला. हाडं लागली होती.

लेम्पी : कसली?

काइसा : माणसांची. वीसेक जण आहेत. हेलसिंकीहून तज्ज्ञ आले, जमिनीत बघायचं यंत्र आणलं, आणि परवा अहवाल आला. बुटांचे तळवे आहेत, बटणं आहेत, एक पत्र्याचा मग आहे. युद्ध संपलं त्या वसंतातले. लालांचे आहेत सगळे, गोळ्या घातलेले. आई, जंगलाकडेच्या त्या दगडाखाली कुणी नाहीये. कधीच नव्हतं. तुझे आजोबा मैदानात आहेत.

लेम्पी : आर्वो, बदाम कुठे ठेवलास?

आर्वो : खिडकीत.

काइसा : आई, मी काय म्हटलं ते ऐकलंस ना?

लेम्पी : ऐकलं. बदाम टाकल्याशिवाय खीर कशी होईल? मग ज्याच्या वाटीत तो येईल त्याला वर्षभर नशीब कसं लाभायचं? हं, पुढे. तुझी ग्रामपालिका काय म्हणते?

काइसा : ग्रामपालिकेची तीन तोंडं आहेत. बंद दाराआड बैठक झाली. एक जण म्हणाला, खणलेलं बुजवा, खोल्या दुसरीकडे बांधा. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या गटाला पाटी हवी, नावं हवीत, त्या युद्धाला काय म्हणायचं तेही पाटीवर हवं, आणि तिथेच पहाट होईतो भांडण. तिसऱ्यांचं म्हणणं, हाडं गुपचूप उचलून त्या दगडाखाली ठेवू. म्हणजे दगड खरा होईल.

लेम्पी : दगड चुकला म्हणून माणसं हलवायची?

काइसा : त्यांचा हेतू वाईट नाहीये गं. या वर्षी एवढं सगळं केलं आपण. दोन्ही बाजूंच्या नातवंडांनी मिळून चर्चची घंटा वाजवली, पाद्रीबाई रडल्या, बाबा रडले.

आर्वो : मला सर्दी झाली होती.

काइसा : बरं, सर्दी. तर आता ते म्हणतात, वर्ष चांगलं गेलं, कशाला खपली काढायची? जानेवारीत मतदान आहे. तोवर बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असा शब्द दिलाय मी. तुला सांगितलं तेच नियमाबाहेर आहे. एकच मागते. आज नेहमीसारखी त्या दगडाशीच जा. तू मैदानात मेणबत्ती लावलीस की उद्या सकाळी अख्खं गाव विचारणार, लेम्पी तिथे कशाला गेली होती?

लेम्पी : त्या युद्धाला काय म्हणायचं यावर भांडले म्हणालीस. कोण काय म्हणत होतं?

काइसा : आई, आता त्याचं काय?

लेम्पी : सांग तर खरं.

काइसा : म्हातारे 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणत होते. कामगार संघाच्या वेरनेरीने 'वर्गयुद्ध' धरून ठेवलं. मी म्हटलं, माझ्या शाळेच्या पुस्तकात 'यादवी' होतं. दीड पान. परीक्षेला नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, 'दुःखद घटना' लिहू.

लेम्पी : घटना! ट्रॅक्टर उलटला की घटना होते. मी शाळेत स्वातंत्र्ययुद्ध लिहायची, घरी आले की वर्गयुद्ध म्हणायची. शाळेत चुकून घरचा शब्द लिहिला तर छडी, आणि घरी चुकून शाळेचा शब्द बोलले तर आईचा रट्टा. आजी मात्र दोन्ही म्हणायची नाही. 'त्या वसंतात' म्हणायची, बस्स.

आर्वो : आमच्याकडे तेवढंही म्हणत नसत.

लेम्पी : तुमच्याकडे कशाला म्हणतील? तुम्ही जिंकलात.

काइसा : आई, बाबांवर नको ना.

लेम्पी : बाबांवर नाही गं. ते आपले गरीब. लग्नात आठवतंय का रे, कॉफीवरून केवढं महाभारत झालं? काइसा, तुला माहीत नाही. गावात दुकानं दोन होती, एक गोऱ्यांचं आणि एक आमचं. माझी आई म्हणाली, त्या दुकानातली कॉफी मी ओठाला लावणार नाही. ह्याचा बाप म्हणाला, मीही तुमच्या दुकानातली पिणार नाही. मग ह्याने काय करावं? अर्धी इथून आणली, अर्धी तिथून, आणि एकाच भांड्यात उकळली.

आर्वो : चांगली झाली होती.

लेम्पी : कडू झाली होती. पण प्यायले सगळे. कुणाला कळलं नाही कोण कुणाची पितंय. काइसा, इकडे ये. बस तू. मला माहीत होतं.

काइसा : काय माहीत होतं?

लेम्पी : आजोबा कुठे आहेत ते. मी एवढीशी होते. मैदानावर पाणी सोडून बर्फ धरलेला, मी स्केट्स घालून गिरक्या घेत होते, चांगली जमायची मला. आजी धावत आली, कानाला धरून ओढत बाहेर नेलं आणि म्हणाली, आजोबाच्या छातीवर नाचतेस? घरी येईपर्यंत रडत होती. पुन्हा त्यावर अवाक्षर काढलं नाही. मीही पुन्हा बर्फावर उतरले नाही.

काइसा : थांब. मग इतकी वर्षं दगडाशी मेणबत्ती?

लेम्पी : दुसरं महायुद्ध संपल्यावर आम्हाला दगड उभारायला परवानगी मिळाली ती तिथली. जमीनदाराने जंगलाकडेचा तुकडा दिला, म्हणाला, इथेच असतील. आजी म्हणायची, जिथे लावू देतात तिथे लावायची. तिथून मैदान दिसतं, म्हणजे मैदानातून मेणबत्तीही दिसत असेल.

काइसा : बाबांना कधी नाही सांगितलंस?

लेम्पी : काय सांगणार होते? मैदान बांधलं कुणी? ह्याच्या बापाने आणि त्याच्या गोऱ्या शिपाईगड्यांनी, घोडे लावून. ते सांगितलं असतं तर रोज सकाळी समोर बसून माझ्या हातची कॉफी प्यायला असता का हा? माणूस चांगला आहे. मनाला लावून घेतो. म्हटलं, आपण गिळलं तर मोडतंय काय?

आर्वो : लेम्पी.

लेम्पी : काय?

आर्वो : तिथे उतार नाहीये.

लेम्पी : कुठे?

आर्वो : पाइनकडच्या कोपऱ्यात.

काइसा : थांबा, थांबा. बाबा, तो कोपरा? आर्वोचा कोपरा?

लेम्पी : ह्याच्या बर्फाबद्दल बोलताय होय?

काइसा : आई, दर हिवाळ्यात बाबा मैदानावर पाणी सोडतात, आणि त्या कोपऱ्याशी थांबतात. सगळं मैदान काचेसारखं आणि तेवढा कोपरा कोरडा. शाळेत मला किती चिडवायचे. हॉकीवाले तर शिव्या घालायचे. बाबा म्हणायचे, उतार आहे, पाणी साठत नाही.

आर्वो : साठलं असतं.

लेम्पी : मला वाटायचं, नळी पुरत नाही.

आर्वो : माहितीये.

लेम्पी : मी तुला पन्नासाव्या वाढदिवसाला लांब नळी आणून दिली होती रे!

आर्वो : चांगली नळी होती. अजून वापरतो.

लेम्पी : कुणी सांगितलं तुला?

आर्वो : बापाने. पहिल्यांदा मैदानाचं काम अंगावर घेतलं, त्या हिवाळ्यात. तो अंथरुणाला खिळलेला. म्हणाला, पाइनच्या कोपऱ्यात पाणी घालू नकोस, पोरं वर नाचतात. आणि भिंतीकडे तोंड केलं.

लेम्पी : तू विचारलं नाहीस? का म्हणून?

आर्वो : आमच्या घरात विचारत नसत.

लेम्पी : पण कळलं.

आर्वो : कळलं.

लेम्पी : आणि माझ्याजवळ बोलला नाहीस.

आर्वो : तू दर वर्षी दगडाशी वाकायचीस. परत आलीस की चेहरा हलका असायचा तुझा. म्हटलं, तेवढं तरी राहू दे तिला.

काइसा : आळीमिळी गुपचिळी! अरे, आम्ही ते यंत्र आणलं, तज्ज्ञ आणले, तीन महिने माझी झोप उडाली, तुला कसं सांगू म्हणून. आणि ह्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. आणखी कुणाकुणाला माहीत असेल गावात?

आर्वो : हॉकीवाल्यांचे बाप कधी शिव्या घालायचे नाहीत. पोरंच घालायची.

काइसा : म्हणजे सगळ्यांना. शंभर वर्षं समोरच्याला वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प. आणि माझ्या पुस्तकात दीड पान.

लेम्पी : खीर चुलीवरून उतरव गं. मला राग आलाय. तुझाही आलाय आर्वो, आणि माझाही. मी उगाच तुला सांभाळत बसले, तू मला सांभाळत बसलास, आणि तो माणूस खाली तसाच. आता एक विचारते, आणि काइसासमोर विचारते. गोळ्या घालणाऱ्यांत तुझा बाप होता?

आर्वो : माहीत नाही.

लेम्पी : आर्वो.

आर्वो : खरंच माहीत नाही. तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, गोऱ्यांच्या बाजूने होता, त्या दिवशी गावातच होता. एवढंच. विचारायला हवं होतं. उत्तर आलं असतं तर काय, या भीतीने नाही विचारलं. बाप म्हणून माणूस वाईट नव्हता गं तो. लाकडाची बदकं करून द्यायचा मला.

लेम्पी : माझ्या आजोबानेही करून दिली असती कुणाला तरी.

आर्वो : हो.

काइसा : आई, मग आज? मी दिलेला शब्द तुला मोडायचा असेल तर मोड. मी सांगितलं ते कळलं की नोकरीवर येईल माझ्या, पण तुला थांब म्हणायची मला आता लाज वाटतेय.

लेम्पी : तुझी नोकरी घालवून मला मेणबत्ती नाही लावायची. पण दगडाशीही नाही वाकवत आता. इतके दिवस माहीत असून वाकले, ते आजीचं ऐकून. आज तू तोंडाने बोललीस. बोललेलं परत गिळता येत नाही.

आर्वो : मी लावतो.

काइसा : बाबा?

आर्वो : लेम्पी गेली की गाव विचारणार. मला कोण विचारेल? माझाच कोपरा आहे तो. अख्खं गाव म्हणतं.

काइसा : आणि विचारलंच तर?

आर्वो : तर सांगेन. बापाने काय सांगितलं होतं ते. तुझं नाव कुठे येत नाही त्यात.

लेम्पी : गोऱ्याचा पोरगा, लालांच्या थडग्यावर मेणबत्ती, नाताळच्या संध्याकाळी. उद्या चर्चमध्ये तुझ्या बाकावर कुणी बसणार नाही.

आर्वो : तू बसशील ना?

लेम्पी : बघते. खीर वरून झाक काइसा, साय धरेल. तिथे फीत बांधलीये ना तुमची, पिवळी?

काइसा : बांधलीये. मी वर उचलून धरते.

लेम्पी : तू घरी थांब. हॅमकडे बघ. तू आम्हाला काही सांगितलं नाहीस, तू फक्त हॅम बघायला आलीस. आर्वो, बर्फावरची घसरगाडी काढ बाहेर. आधी चर्च, मग मैदान.

आर्वो : चर्चच्या आवारात, बापाच्या थडग्याशी?

लेम्पी : तुझ्या बापाची मेणबत्ती मी कशी बंद करेन? पण तो गेल्यापासून दर वर्षी आवाराच्या फाटकाबाहेर उभी राहते ना मी, तू आत लावून येईपर्यंत? आज आत येणार आहे. त्याला एक विचारायचंय.

आर्वो : तो उत्तर देणार नाही.

लेम्पी : ठाऊक आहे. निदान कुणीतरी विचारलं एवढं तरी होईल.

आर्वो : आणि मैदानाशी? मी लावून येईपर्यंत तू रस्त्यावर थांबशील? दगडाशी मी थांबतो तसं?

लेम्पी : माझे उंच बूट दे. तिथे बर्फ खोल असेल, कुणी तुडवलेला नाही.