आईने सांगितलेली तीन पत्रं

आदरणीय अध्यक्ष पाद्री फौग्नरसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होत असलेले हाल्वोर ब्रेक्के मास्तर आणि जमलेल्या गावकऱ्यांनो,

मास्तरांनी चाळीस वर्षं गावाला अक्षर शिकवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून दिली, आलेली वाचून दाखवली. पाद्रीसाहेबांनी आत्ताच त्याचा गौरव केला. मी त्यातल्या तीन पत्रांविषयी बोलणार आहे.

बारा वर्षांपूर्वी मी लाइपझिशला ऑर्गन शिकायला गेलो. शिफारस मास्तरांचीच, नाकारत नाही. त्याच हिवाळ्यात वडिलांनी अंथरूण धरलं. माझी आई गुरी प्रार्थनेचं पुस्तक वाचायची; हाताने लिहिलेलं मात्र तिला वाचता येत नसे. ती सांगायची, मास्तर लिहायचे. मला तीन पत्रं आली. तिन्हीत तेच : "घरी सर्व क्षेम. परिश्रम सोडू नकोस." मी पत्रातून विचारलं, नाताळला येऊ का? मास्तरांनी तिला वाचून दाखवताना त्याचं झालं, यायला वेळ नाही.

उन्हाळ्यात बोटीतून उतरलो, तेव्हा वडिलांना जाऊन चार महिने झाले होते. तेही मला कळवलेलं नव्हतं. आई उंबऱ्यात उभी होती. बाजूला सरकली नाही.

"आता सवड झाली होय रे? तीनदा बोलावलं. बाप दाराकडे बघत गेला."

मी खिशातली पत्रं काढून तिथेच वाचली. ती म्हणाली, "परिश्रम? हा शब्द मी जन्मात बोलले नाही, सिव्हर्ट. मी म्हटलं होतं, असशील तसा ये."

मी तडक शाळेत गेलो. मास्तर, आठवतंय ना काय म्हणालात? "आला असतास तर इथेच मासे खारवत बसला असतास. गावाला वादक मिळाला तो माझ्यामुळे."

असेलही. दर रविवारी चर्चमध्ये आपण सगळे ऐकताच. पण माझ्या बापाच्या शेवटच्या हिवाळ्याचा निर्णय करायला यांना नेमलं कोणी?

खुर्च्या वाजवू नका, संपवतोच आहे.

आई तिसऱ्या बाकावर बसली आहे. सकाळी मी तिला विचारलं, तुझ्यातर्फे मास्तरांना काय सांगू? तिने एकच वाक्य सांगितलं : "मास्तर, जाताना आमच्या दारावरून जाऊ नका."

मला बोलायला उभं केलंत, समितीचा आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. आईच्या वाक्यात मात्र मी एक शब्दही बदललेला नाही.