माझ्या हरकतीमुळे झालेल्या आमदार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या आमदार ताई, पहिल्या रांगेतले आजी-माजी पदाधिकारी, मागच्या रांगेतले खरे मतदार, आणि जागा न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले माझे कार्यकर्ते. बाबांनो, जरा पुढे सरका. कंडक्टरची नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाली, पण दाराशी गर्दी दिसली की तोंडातून तेच निघतं.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'ताईंचे जुने सहकारी' अशी करून दिली. त्यांच्या सभ्यतेला नमस्कार. पण खरं सांगायला काय हरकत आहे? मी ताईंचा सहकारी कधीच नव्हतो. मी ताईंच्या विरोधात उभा राहून पडणारा माणूस. त्या जितक्या वेळा निवडून आल्या, तितक्या वेळा मी पडलो. सत्कार त्यांचा असला तरी त्यात माझाही हातभार आहे, एवढं मान्य करा.

आता ताई यंदा उभ्या राहत नाहीत. त्यामुळे मैदान मोकळं आहे आणि आज मी काय बोलतो याकडे सगळ्यांचे कान लागलेत. कार्यकर्ते फटाके घेऊन आलेत, मला वास येतोय. सांगतो, तेही सांगतो. पण आधी थोडा इतिहास, कारण नव्या पोरांना वाटतं की ताई आईच्या पोटातूनच आमदार होऊन आल्या.

मंडळी, आपला मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव झाला तेव्हा डोंगरातल्या आपल्या माणसांना वाटलं, चला, आता आपलं माणूस सभागृहात बसणार. बसलं ना! माझे सख्खे काका बसले. पण त्यांना बसवलं कुणी? खाली शहरात लाकडाची वखार असलेल्या थोरल्या शेठनी. शेठना स्वतःला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काकांना उभं केलं. खुर्ची आमच्या नावाची, आणि लगाम वखारीत. काका माणूस म्हणून सोन्यासारखे. पण शेठनी त्यांना एकच वाक्य शिकवलं होतं, "हो साहेब." अधिकारी भेटला, हो साहेब. मंत्री भेटला, हो साहेब. सभागृहात तर तेवढंही नाही. काका इतक्या वेळा निवडून आले, पण त्यांचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला असेल तर शपथ!

मी तेव्हा घाटातल्या बसवर कंडक्टर. रस्ता असा की तिकीट फाडताना हात डब्यात आणि डोकं छताला. आणि त्याच रस्त्याच्या कडेला एक सुबक फलक होता. 'रस्ता सुधारणा. ठेकेदार' आणि पुढे आमच्या काकांचं पूर्ण नाव. आदिवासी ठेकेदाराला कामं आधी मिळतात म्हणून शेठनी कामंसुद्धा काकांच्याच नावावर घेतली होती! सह्या काकांच्या, बिलं वखारीत. प्रवासी शिव्या द्यायचे ते काकांना, आणि बसमध्ये पुतण्या कोण? मी. शेवटी एक दिवस डोकं फिरलं. नोकरीचा राजीनामा दिला आणि काकांच्या विरोधात उभा राहिलो. बायको म्हणाली, "पगार सोडून भांडण विकत घेताय." बरोबरच होतं तिचं. तिचं नेहमीच बरोबर असतं, ती समोरच बसली आहे.

आता ऐका. सरकारी कामाचा ठेका ज्याच्या नावावर चालू आहे, त्याला निवडणुकीला उभं राहता येत नाही. हा कायदा. मला तो बसमधल्या एका वकिलाने सुट्ट्या पैशांवरून भांडता भांडता सांगितला. मी गप्प बसलो आणि अर्जांच्या छाननीच्या दिवसाची वाट पाहिली.

त्याआधी अर्ज भरायच्या दिवशी काय झालं, ते ताईंच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे, पण त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत म्हणून मी सांगतो. ताईंचं बाजारात शिलाईचं दुकान. काकांचं नवं जाकीट त्यांनीच शिवलेलं. ऐन वेळी त्याचं बटण तुटलं म्हणून ताईंना सुईदोऱ्यासकट कचेरीत बोलावलं होतं. प्रत्येक पक्ष खऱ्या उमेदवाराच्या मागे एक डमी उमेदवार ठेवतो. न जाणो, खऱ्याचा अर्ज उडाला तर पंचाईत नको. शेठचा ठरलेला डमी पोट बिघडून घरी पडला होता. शेठनी इकडेतिकडे पाहिलं. समोर ताई, दातात दोरा धरून. "या बाई तुमच्यातल्याच ना? घ्या यांची सही." ताई म्हणाल्या, "माझं काम बटणाचं आहे." शेठ म्हणाले, "हेही बटणासारखंच. लावायचं आणि विसरायचं." शिलाई मशीनच्या योजनेसाठी काढलेला जातीचा दाखला दुकानातच होता. झालं, ताई डमी!

छाननीच्या दिवशी मी उभा राहिलो आणि रुबाबात म्हणालो, "साहेब, माझी हरकत आहे." फलकाची हकीकत सांगितली. आत फक्त उमेदवार आणि त्यांच्या माणसांना प्रवेश. शेठ स्वतः उमेदवार नव्हते, म्हणून व्हरांड्यात, खिडकीच्या काचेला नाक लावून. अधिकारी काकांना म्हणाले, "हा ठेका तुमच्याच नावावर आहे का?" खिडकीत शेठ मान अशी हलवतायत, अशी हलवतायत, की टोपी पडली! काकांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हो साहेब."

अर्ज बाद! मी कचेरीबाहेर येऊन नाचलो. विरोधात राहिलं कोण? बटण लावणारी बाई. मी पेढेसुद्धा सांगून ठेवले. आता सांगा, मंडळी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे खूप असतात, पण तो धोंडा डोक्यावरून वाहून आणणारा माझ्यासारखा दुसरा पाहिलात का?

शेठ लगबगीने ताईंच्या दुकानात गेले, लिहिलेलं भाषण घेऊन. ताई म्हणाल्या, "शेठ, माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. आधी वाड्यांवर जाऊन येते." आणि गेल्या. चालत. जिथे जिथे माझी जीप चिखलात रुतली, तिथे तिथे मला या पुढून परत येताना भेटल्या. एकदा तर जीप ढकलायलाही लागल्या. वर मला म्हणतात कशा, "दादा, पुढच्या वाडीत जाऊ नका, तिथलं माप घेऊन झालंय." अहो, ही काय उमेदवाराने उमेदवाराला सांगायची गोष्ट?

निवडून आल्या. पहिल्याच अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि विचारलं, "आमच्या घाटात फलक आहे, रस्ता कुठे आहे?" त्या दिवशी शेठचं आणि त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. पुढच्या वेळी त्या अपक्ष उभ्या राहिल्या, चिन्ह शिलाई मशीन. घराघरांत पोरं हाताने चाक फिरवून दाखवायची. मी पडलो. त्याच्या पुढच्या वेळी रस्ता झालेला होता, माझी जीप सगळीकडे वेळेवर पोचली, आणि प्रत्येक गावात लोक मला म्हणाले, "काय सुरेख रस्ता केलाय हो ताईंनी!" तेव्हाही पडलो.

काका म्हातारपणी आमच्याकडेच राहायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, त्या दिवशी 'नाही' असं का म्हणाला नाहीत?" ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "अरे, इतक्या वर्षांत मला थेट प्रश्न विचारणारा तो पहिलाच साहेब. त्याच्याशी खोटं कसं बोलू?" मला रडू आलं होतं तेव्हा. आजही येतं, पण माईक चालू आहे.

तर आता आजची गोष्ट. गेल्या आठवड्यात थोरल्या शेठचे चिरंजीव माझ्या घरी आले होते. ते पहिल्या रांगेतच बसलेत. नमस्कार, धाकटे शेठ. फार गोड बोलले. "मामा, यंदा नंबर तुमचा. गाड्या आमच्या, माणसं आमची, सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सभागृह मी आजवर पाहिलं ते वरच्या गॅलरीतून, पास काढून. एकदा खालून, मोठ्या दाराने आत जावं, एवढीच आयुष्यभराची हौस. आणि ती समोर चालून आलेली. पण ते 'फक्त हो म्हणा' कानात अडकलं. वाटलं, काकांचं जाकीट माझ्या अंगावर चढतंय.

दुसरी गोष्ट घरातच होती. माझी लेक नर्स. वाड्या-वस्त्यांवर तिचं जाणंयेणं कसं असतं, हे मी बापाने सांगायला नको. ताईंनी तिला विचारलंय, उभी राहशील का. तिने नोकरीही सोडलीय. माझ्यावरच गेलीय, पगार सोडून भांडण. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही उभे राहणार असाल तर मी नाही राहत." एवढं बोलून आत गेली आणि भांडी घासायला लागली. इतक्या जोरात घासत होती, की तिचं खरं उत्तर मला बाहेर ओसरीवर ऐकू आलं.

वाईट वाटतंय का? वाटतंय हो. खूप वाटतंय. पण ज्या खुर्चीवर काका मुके बसले, तिथे मी दुसऱ्याच्या मेहेरबानीने बसणार नाही. ताईंनी ती आपली करून ठेवली आहे. लेकीने तिथे बसावं आणि कुणालाही न घाबरता बोलावं.

तेव्हा धाकटे शेठ, तुम्ही मला 'हो' म्हणायला सांगितलं होतं. मी म्हणालोय. लेकीला.

आणि माझे कार्यकर्तेहो, तोंडं पाडू नका. फटाके ठेवा, लागतील. अर्ज मीही भरणार आहे. लेकीचा अर्ज पहिला, आणि तिच्या मागे डमी म्हणून माझा! ताई, डमीचा अर्ज कसा भरायचा हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? उद्या सकाळी लेकीला घेऊन दुकानात येतो. तिचं माप घ्या. माझं घेऊ नका, मी फक्त बटणं धरून उभा राहीन.

आयोजकांनी पडलेल्या माणसाला इतका वेळ उभं राहू दिलं, त्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचे तर किती मानू? बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि माझ्या लेकीबद्दल कुणाला हरकत असेल, तर छाननीच्या दिवशी अवश्य या. हरकत घेणाऱ्याचं पुढे काय होतं, ते तुम्ही आज पाहिलंच आहे.