बाबाच्या गाण्याईची अक्षरं

माहं नाव सुमन. जन्म इथंचा, नागपूरचाच, जरीपटक्याच्या इकडच्या वस्तीतला. माहे बाबा गिरनीत कामाले होते, अन गिरनीतून घरी आले का हात-पाय धुवून हार्मोनियम काढून बसायचे. काय सांगू तुमाले, ऊन भिंतीवरून सरकत राहायचं अन बाबा डोये मिटून गात राहायचे, अन मी भिंतीले टेकून आयकत आयकत झोपून जायची. आजोबानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात गानं होतं. विहारात, लग्नात, बारशात, कोनी बोलावलं का बाबा जात. गानी त्यायनं स्वतःच रचलेली, सारी तोंडपाठ. लिहाले येत नोहतं, सहीपुरतं येत होतं तेवढंच.

मी टायपिंग शिकली. आधी मशीनवरचं, मंग कॉम्प्युटरवरचं मराठी. लग्न झालं, अन यायनं, म्हंजे आमच्या घरच्यायनं, समोरच्या खोलीत मले कॉम्प्युटर घेऊन देल्ला. लोकायचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, बचत गटाचे कागद, सारं मी करत होती. त्याच्या पडद्यावर ते हिरवं टेकाड राहायचं अन वर निळं आभाळ, तुमीबी पाह्यलं असन. काम नसलं का मी त्याच्याकडंच पाहत बसायची. मले वाटे का पल्याड एखांदं गाव असन, अन बाबा हार्मोनियम खांद्याले लावून तिकडं चालले असतीन.

मंग बाबा म्हातारे झाले, दम लागाले लागला, तर मी त्यायले माह्याकडंच आनलं. खाट कॉम्प्युटरच्या बाजूले टाकली. ते पडल्या पडल्या हळूहळू गात, अन मी टाइप करत जाय. मधातच इचारत, आलं का वं त्याच्यात? मी म्हनो, हाव बाबा, आलं. मंग हात लांबवून काचेवर बोट फिरवत, जसं लेकराच्या गालावरून फिरवते तसं. वाचता येत नोहतं, पन पाहत राहत लई येळ. बाबा गेले, गानी त्या मशीनमंदी राहिली. घरातच हायेत म्हनून मी निवांत होती.

वर्सं गेली. कॉम्प्युटर थकला. सुरू केला का मी चहा मांडून, पिऊन, कप धुवून येत जाय, तवा कुठं ते टेकाड दिसे. नवा प्रिंटर आनला तर तो लागेचना. दुरुस्तीवाला म्हने, काकू, याच्यातली सिस्टीम कंपनीनं कवाचीच बंद केली, आता याले नवं काहीच चालनार नाई. हे म्हनाले, भंगारात देऊन टाक ना मंग.

तवा आमची सून बोलली. प्रतिभा तिचं नाव, भंडाऱ्याकडची, कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमंदी कामाले हाय. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते, अन खरं सांगतो, आमचं दोघींचं बोलनं कमीच होतं. ती थकून ये, मी माह्याच तंद्रीत. ती म्हने, आई, भंगारात नका देऊ. मशीन चांगली हाय, सिस्टीम बदलून पाहू. लिनक्स टाकते. मी म्हनलं, ते काय असते वं? तर म्हने, तेबी असंच असते, पन हलकं असते, जुन्या मशीनले झेपते.

रयवारी बसली ती. गानी पेनड्राइव्हवर काढून घेतली, मंग जुनं सारं पुसलं. काया पडद्यावर पांढरी अक्षरं खालून वर धावत होती, मी पाहतच राहिली, पाण्याकडं पाहत राहावं तसं. मंग नवा पडदा आला, टेकाड नाई, काही नाई, साधा निळा. चाले मात्र झपाझप. मले बरं वाटलं. म्हनलं, गानी उघड.

उघडली, तर गानं कुठंच नाई. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, काही का काही. ओळी तेवढ्याच, लांबी तेवढीच, पन शब्द एक नाई. प्रतिभाचं तोंड उतरलं. म्हने, आई, तुमचा जुना मराठी फॉन्ट जुन्या सिस्टीममंदी होता, तो काढून घ्याचा राह्यला माह्याच्यानं. तो असल्याशिवाय हे वाचता येनार नाई. मी जाऊन पडली, तर डोया लागला, अन सपनात बाबा गाऊन राहिले, तोंड हालते, हात पेटीवर चालते, पन आवाज नाई. मी म्हनून राहिली, बाबा, जरा मोठ्यानं म्हना. ते नुसते हासतात.

दुसऱ्या दिवशी प्रतिभा कामावरून आली अन चपला न काढता म्हने, आई, तुमच्या वक्ताचं पत्रिका छापनारं कोनी हाय का अजून? मले महाल भागातले वसंतभाऊ आठवले. तिच्या स्कुटीवर मागं बसली, गल्लीगल्लीतून गेलो. दुकान होतं, वसंतभाऊबी होते, पार पिकलेले. म्हने, काहून बाई, लई वर्सानं? मी सांगतलं. त्यायनं कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, सुरू केला, अन तोच फॉन्ट निघाला त्याच्यात. पेनड्राइव्हवर देऊन म्हने, न्या बाई, आता कोनाले लागते ते.

घरी येऊन प्रतिभानं तो टाकला. अन पाहता पाहता त्या कंसाईचं ‘पानी’ झालं, स्वल्पविरामाची ‘माय’ झाली, सारी ओळ उभी राहिली. मी वाचाले गेली तर वाचनं होईचना, गानंच निघालं तोंडातून. हे आतून दारात येऊन उभे राहिले. प्रतिभा डोये पुसून म्हने, आई, अशी चाल हाय का याची?

तवापासून आमचं सुरू हाय. हा फॉन्टबी उद्या कुठं मियनार नाई, म्हनून ती सारी गानी मोबाइलवर दिसते त्या अक्षरात करून राहिली. मशीन अक्षरं बदलून देते, पन चुका राहतात, मंग मी गानं म्हनतो अन ती दुरुस्त करते. एका गाण्याचं शेवटचं कडवं बाबानं रचलंच नोहतं. ती म्हने, तुमी करा पुरं. मी म्हनलं, नाई वं, राहू दे तसंच.

आता ती सकायी भाकरी थापता थापता तेच गुनगुनते. अंतऱ्याले बाबाचा सूर वर जाय, हिचा खाली उतरते. मी काही सांगत नाई. पोरगी सुखात राहो, गात राहो. आयकून आयकून आता मलेबी ते तसंच गोड वाटाले लागलं.