चपलेतला खाऊ आणि मार्गशीर्षातला गुरुवार

...आणि तो डचांचा संत म्हणे घोड्यावरून येतो! पांढऱ्याशुभ्र! बरं, येतोस तर ये बाबा, आमचं मिशिगनमधलं ॲन आर्बर काही इतकं वाईट नाही, बर्फ पडला तरी सकाळी गाडी फिरवून रस्ते मोकळे करतात, ये सरळ रस्त्यानं, दार वाजव, चहा घे... नाही! हा छपरावरून येणार! आणि येऊन करणार काय, तर पोरांच्या बुटात चॉकलेट ठेवणार. बुटात! ज्या बुटानं पोर दिवसभर शाळेचा चिखल तुडवून आलंय, त्या बुटात खायची वस्तू! आपल्याकडे साध्या वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करतात आणि इथे खाऊ कशात, तर चपलेत हो, चपलेत!

तुम्ही हसताय. हसा, हसा! तुमच्या मजल्यावर राहत नाहीत ना ही माणसं. आम्ही युनिव्हर्सिटीच्या फॅमिली हाउसिंगमध्ये राहतो, यश म्हणजे माझा नवरा तिथे पोस्टडॉक करतो, आणि आमच्या एका कॉरिडॉरमध्ये सगळा युरोप भरलाय. समोर मार्टेन, तो डच. शेजारी जर्मन. कोपऱ्यावर किआरा, ती इटलीची. आणि वरच्या मजल्यावर एक स्पॅनिश कुटुंब, जे रात्री नऊला जेवायला बसतं आणि आम्हाला खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात, पण तो विषय वेगळा. तर प्रत्येकाचा संत वेगळा, तारीख वेगळी आणि वाहन वेगळं! डचांचा पाच डिसेंबरच्या संध्याकाळी, घोड्यावर. जर्मनांचा संत तोच, पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडतो आणि त्याला बूट पॉलिश केलेले लागतात. किआराच्या गावाकडे संत बाई आहे, सांता लुचिया, ती तेरा डिसेंबरला गाढवावरून येते आणि पोरांनी चोरून बघितलं तर डोळ्यांत राख फेकते! अगं, तू खाऊ द्यायला आलीस की भांडायला? आणि वरच्यांकडे जानेवारीत तीन राजे येतात, उंटावरून. मिशिगनच्या थंडीत उंट! शोभतं का?

आणि आपले संत? आपल्या संतांनी कधी चपलेत काही ठेवलंय? ते स्वतःच अनवाणी. त्यांनी दिलं काय, तर उपदेश! ज्याला झेपेल त्यानं घ्यावा.

पण गंमत राहू द्या बाजूला. गेल्या वर्षी काय झालं सांगते. आमची रुही तेव्हा पाच वर्षांची. आपल्या सगळ्यांच्या चपला-बूट कायम दाराबाहेर असतात, तसे आमचेही होते. पाच डिसेंबरच्या संध्याकाळी दार उघडलं तर समोर मार्टेनच्या मुलीच्या बुटात तिच्या नावाचं पहिलं अक्षर, चॉकलेटचं, संत्रं, मसाल्याची एवढी एवढी बिस्किटं. आणि तिथून चार पावलांवर रुहीचे बूट. रिकामे. पोरगी उभी राहिली, बघितलं, आत आली आणि अगदी शांतपणे मला म्हणते, "आई, ही सॉ माय शूज. ही जस्ट डिडन्ट लाइक देम."

रडली असती तर चाललं असतं. ही रडलीच नाही. आणि मग काय, दर तारखेला तेच. सहा डिसेंबरला बूट बघायची, तेरा डिसेंबरला बघायची, जानेवारीतसुद्धा! एवढे संत आमच्या दारावरून गेले, घोडे गेले, गाढवं गेली, उंट गेले, आणि माझ्या एकुलत्या एक पोरीच्या बुटाकडे एकालाही बघावंसं वाटू नये? यशला म्हटलं, तर तो काय म्हणतो? "अगं, लॉजिकल आहे. त्यांच्याकडे आईबाप ठेवतात. आपण ठेवलं नाही, म्हणून नव्हतं." लॉजिकल! पीएचडी झालेला माणूस!

मी ठरवलं. यंदा माझ्या पोरीचा बूट रिकामा राहणार नाही म्हणजे नाही. आता तुम्ही म्हणाल, मग ठेवायचं की चॉकलेट, त्यात काय एवढं? अहो, हात जाईना! चॉकलेट हातात, समोर बूट, वाकले, आणि हात हवेतच. खायची वस्तू चपलेत हो, चपलेत! लहानपणापासून जे अंगात मुरलंय ते काय मिशिगनला आलं म्हणून जातं? मग मी डोकं लढवलं. कोरे करकरीत बूट आणले, पुसले, पाटावर ठेवले, खाली स्वच्छ फडकं. रुहीनं बघितलं आणि म्हणाली, "आई, दीज आर नॉट माइन. ही'ल थिंक समवन एल्स लिव्हज हिअर." आणि स्वतःचेच जुने, चिखलाचे, जांभळे बूट दाराबाहेर ठेवले. एकात गाजर. घोड्याला!

आणि त्यात तो दिवस कुठला? पाच डिसेंबर, डचांच्या संताची संध्याकाळ... आणि मार्गशीर्षातला गुरुवार! माझ्याकडे हळदीकुंकू! खरं म्हणजे शेवटच्या गुरुवारी करतात, पण डिसेंबरच्या शेवटी इथे असतं कोण? अर्धे भारतात, अर्धे फ्लोरिडात. म्हणून पहिल्याच गुरुवारी उरकून घ्यायचं. उपास, त्यात घट मांडायचा, त्याला पाच झाडांच्या डहाळ्या हव्यात, आणि बाहेर बघावं तर एका झाडाला पान नाही. शेवटी ख्रिसमस ट्री विकतात ना, तिथून एक फांदी मागून आणली. देवी समजून घेते. संतांचं सांगता येत नाही.

संध्याकाळी माणसं आली. हळदीकुंकू बायकांचं, पण बायका आल्या म्हणजे नवरे आले, पोरं आली, भारतातून आलेले सासू-सासरे आले, आणि कॉलेजातली ती पोरं, ज्यांना बोलवावं लागत नाही, नैवेद्याच्या वासावर येतात. आणि सगळ्यांनी चपला कुठे काढल्या? कॉरिडॉरमध्ये! बर्फातले गुडघ्याएवढे बूट, कोल्हापुरी, स्नीकर, सुमित्राकाकूंचे ते आतून लोकरीचे... हा डोंगर! आणि डोंगराच्या तळाशी माझ्या पोरीचे जांभळे बूट.

ऐन पूजेत रुही दारातून किंचाळत आली, "आई! नाऊ ही विल नेव्हर फाइंड माइन!" आणि या वेळी मात्र रडली. हमसून हमसून! सगळ्या बायका बघतायत, समोर घट, माझ्या बोटाला कुंकू. उठता येईना. मी देवीकडे बघितलं आणि म्हटलं, बाई, तू बघ आता, माझ्यानं होत नाही. आणि आरतीला सुरुवात केली, जोरात, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये.

आता दाराबाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मार्टेननं म्हणे आमच्या मजल्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. यंदा सगळ्या मजल्यासाठी मीच संत होणार, ज्या मुलाला हवं त्यानं बूट दाराबाहेर ठेवावा. मी न वाचताच अंगठा दिला होता! ग्रुपवर मेसेज वाचतं कोण? तर हा सहा फुटांहून उंच माणूस पिशवी घेऊन बाहेर आला, आणि बघतो तर आमच्या दारात बुटांचा डोंगर, आतून टाळ्या, झांजा, आरती... दुसरा कुणी असता तर पळाला असता!

हा पळाला नाही. म्हणतो, "नीला, आय सॉ द शूज. आय थॉट, माय गॉड, सो मेनी चिल्ड्रन!" मी म्हटलं, अरे बाबा, त्यात बारा नंबरचे बूट होते, ते मुलांचे असतात का? तर म्हणतो कसा, "येस, आय वंडर्ड. बट हू ॲम आय टु डिसाइड हू इज अ चाइल्ड?"

बघा! याला म्हणतात संत! त्याची पिशवी तर लगेच संपली. मग त्यानं किआराचं दार वाजवलं, तिनं सांता लुचियासाठी लपवलेलं सगळं बाहेर काढलं. जर्मनांनी सकाळचा साठा दिला. वरचे स्पॅनिश स्वयंपाक सोडून खाली आले. एकही बूट वगळायचा नाही, म्हणे, एखादं पोर रडेल!

इकडे आरती संपली, प्रसाद झाला, मंडळी निघाली. सगळ्यांत आधी सुमित्राकाकू. सोवळ्याच्या इतक्या, की आमच्या चपलांच्या रॅकजवळ पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवू देत नाहीत. त्यांनी बुटात पाय घातला आणि... पच्च! "अगं बाई! माझ्या बुटात काय मेलंय?" मेलं नव्हतं, संत्रं होतं. मग दुसरी ओरडली, तिसरी ओरडली, कुणाच्या बुटात चॉकलेट, कुणाच्या चपलेवर बिस्किटं, नवरे एका पायावर नाचतायत, काही विचारू नका! आणि माझी मान खाली. आता काकू बोलणार! मार्गशीर्षातला गुरुवार, घरात देवी, आणि खाऊ कुठे, तर चपलेत हो, चपलेत!

काकूंनी दुसऱ्या बुटातून चॉकलेट काढलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाल्या, "देवीच्या दारात मिळालं तो प्रसाद. प्रसादाला जागा विचारत नाहीत." आणि कागदासकट नळाखाली धुऊन खाल्लं! कॉलेजातला तो शिव, दाढीवाला, आठवा बरं, तो हातात चॉकलेटचा सांता घेऊन नुसता उभा. म्हणाला, "काकू, इथे आल्यापासून माझ्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं."

पण रुही? रुही त्या डोंगरात शिरली होती. बूट उडतायत इकडे तिकडे. आणि तळातून जांभळा बूट वर आला... गाजर अर्धं खाल्लेलं! आणि आत चॉकलेटचं अक्षर, तिच्या नावाचं! अहो, मार्टेननं डोंगर उपसून तिचाच बूट आधी शोधला होता, महिनाभर आधी अक्षर मागवून ठेवलं होतं! पोरगी कॉरिडॉरभर धावली. "ही केम! आई, ही केम! ही केम फॉर एव्हरीबडी!" रडली मी. सगळ्यांसमोर. मला कुणाची लाज आहे? जिंकले होते मी!

जिंकले खरी, पण लगेच दारात जर्मन आई. चेहरा एवढासा. पोराचा पॉलिश केलेला बूट तयार, सकाळी संत यायचा, आणि घरात खडीसाखरसुद्धा नाही, सगळं आमच्या पाहुण्यांच्या बुटात गेलेलं! तिच्या मागे किआरा, तिचं गाढव तर पुढच्या आठवड्यात. म्हणजे माझ्या पोरीचा बूट भरला आणि दुसऱ्याच्या पोराचा रिकामा? माझ्या दारात? मुळीच नाही! आत गेले, नैवेद्याच्या बेसनाच्या लाडवांचा डबा उचलला आणि त्या चकचकीत बुटात स्वतःच्या हातानं लाडू भरले. हात थांबला का म्हणता? हाताला विचारायला वेळ कुणाला होता!

सकाळी ते पोर लाडू खाऊन नाचलं म्हणे. आईला म्हणालं, संताला या वर्षी स्वयंपाक चांगला जमलाय. झालं! सांता लुचियाच्या गाढवावरून लाडू आले. नाताळात लाडू आले. आणि परवा जानेवारीत तीन राजे यायचे होते, तर रुही म्हणाली, "आई, यू पुट युअर्स टू." मी कधी ठेवली नव्हती. ठेवली, जुनी चप्पल, जाऊ दे. तर सकाळी शेजारची सगळी मंडळी दारं किलकिली करून बघतायत, मार्टेन, किआरा, वरचे स्पॅनिश, सगळे! मी वाकून बघते तर काय, अहो, अरबस्तानातून सोनं घेऊन निघालेले राजे, एवढ्या लांबून, एवढ्या थंडीत, उंटावरून माझ्या दारी आले आणि काय ठेवून गेले? चार पौंडांचं बेसनाचं पाकीट! चपलेत हो, चपलेत! उचललं, कपाळाला लावलं... आणि भाजायला घेतलं.