आईचं स्टूल आणि लिंकवरचं स्टूल

मंडळी, आज कीर्तनाच्या सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. "हे घे, हे चांगलं आहे" असं दुसऱ्याला सांगायचा अधिकार माणसाला कधी मिळतो? बोला की! एरवी शेजारच्याला डॉक्टर सुचवता, साबण सुचवता, आणि आत्ता गप्प? बरं, मग ऐका.

रहिमतपुरात उमाकांत ढवळे नावाचा माणूस. कंपनीचा माल विकत जिल्हाभर हिंडायचा. एके दिवशी त्याच्या आईला, गोदाक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बायको शैला शाळेत शिक्षिका. मग दिवसभर आईजवळ कोण? यानं नोकरी सोडली. शैला म्हणाली, "दिवाळीपर्यंत घरी बसून काही जमतंय का बघा. नाहीतर माझ्या दादानं तुमच्यासाठी पुण्यात नोकरी बघितलीच आहे. आईंसाठी बाई लावू." अट वाईट नव्हती हो, एका पगारात औषधं बसत नव्हती. पण आईला परक्या हातात सोडायला उमाकांत तयार नव्हता.

त्यानं धंदा निवडला अफिलिएट मार्केटिंगचा! आजीबाई, घाबरू नका, सोपं आहे. आपण मोबाइलवर एखादी वस्तू दाखवायची, खाली लिंक द्यायची, लोकांनी त्या लिंकवरून ती घेतली की कंपनी आपल्याला कमिशन देते. दुकान नको, गोदाम नको. फक्त आधी आपला एक विषय धरायचा — त्याला ती मंडळी म्हणतात 'निश'. आता विषय कुठला? उमाकांतनं काय केलं, तर ज्यात कमिशन जास्त तो आपला विषय! सोमवारी इयरफोन. मंगळवारी गोरं करायची क्रीम — पी हळद अन् हो गोरी! बुधवारी दाढीचं तेल. आणि हा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारा! खाटेवरून गोदाक्का जड जिभेनं म्हणाल्या, "उमा... तुला... दाढी कुठाय?"

हसू नका, पेटीवाले. ते तेल तुम्ही घेतलंत म्हणे!

एक ना धड, भाराभर चिंध्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी तोंडावर आली.

आता गंमत बघा. गोदाक्कांना बघायला माणसं यायची. आली की खाटेजवळच्या वस्तूंवर नजर फिरायची, "ही चार पायांची काठी कुठली हो? आमच्या आत्याला पाहिजे होती." "वाटीला ही उंच कड कशाला? अच्छा, भात सांडत नाही होय!" आणि उमाकांत काय म्हणायचा? "नंतर सांगतो, माझं शूटिंग चाललंय!" काखेत कळसा अन् गावाला वळसा, मंडळी! शेवटी शैलाच वैतागली. "अहो, गिऱ्हाईक चहा पिऊन परत जातंय आणि तुम्ही भिंतीशी बोलताय. आईंसाठी किती वस्तू आणल्या, किती परत केल्या, हे या गावात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मग त्याची ट्यूब पेटली. आजारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी लागणाऱ्या वस्तू, एवढाच विषय. बाकी सगळं बंद. आठवडाभरात फोन यायला लागले.

इथं कथा संपली असती तर मी कीर्तनाला उभा राहिलो नसतो, एखादा क्लास काढला असता. विषय सापडला म्हणजे अर्धं झालं. उरलेलं अर्धं आता येतंय.

अंघोळीला बसायच्या स्टुलाचा व्हिडिओ करायचा होता. एका कंपनीनं भरघोस कमिशन लावलं. स्टूल कसं? चकचकीत, पाठ टेकायला जागा, दिसायला राजाचं सिंहासन! यानं मन लावून त्याचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वेणूवहिनी दारात. त्यांचे सासरे बाथरूममध्ये एकदा घसरले होते.

"भाऊजी, मामंजींसाठी ते स्टूल मागवते. तेवढं फोनवर करून द्या. आणि एक सांगा, गोदाक्कांना हेच आणलंय ना?"

झालं! उमाकांतचं बोट फोनवरच थांबलं. गोदाक्कांचं स्टूल दुसरं होतं. बुटकं, कुरूप, पण पायांना जाड रबर. ते चकचकीत त्यानंच घरी आणून बघितलं होतं. ओल्या फरशीवर सरकलं म्हणून परत धाडलं होतं. हे शैलाला ठाऊक, गोदाक्कांना ठाऊक. वेणूवहिनींना ठाऊक नव्हतं. एक 'हो' म्हटलं की काम झालं. पुणं टळलं, आई जवळ राहिली. आणि आईसाठीच तर करत होता ना सगळं? सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?

तो म्हणाला, "नाही वहिनी. ते घेऊ नका. ते सरकतं."

"मग व्हिडिओत चांगलं म्हणालात ते?"

"चुकलं माझं."

 वेणूवहिनी म्हणाल्या, "गोदाक्कांचं आहे तेच मागवा."

त्यानं तो व्हिडिओ काढून टाकला. नवा केला, त्यात आईलाच त्या बुटक्या स्टुलावर बसवलं. गोदाक्का कॅमेऱ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "मी... ह्यावर बसते." बस्स, एवढीच जाहिरात! लोकांनी ती एकमेकांना धाडली. कमिशन थोडं होतं, खोटं कशाला सांगू? पण थेंबे थेंबे तळं साचलं, आणि दिवाळीच्या आधी शैलानंच भावाला फोन केला, "दादा, ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी दे."

तर अधिकार कधी मिळतो? जे आपल्या माणसाला दिलं, तेच परक्याला देताना जीभ अडखळत नाही, तेव्हा.

आता टाळ जरा खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. तुमच्यातल्या कुणाचीही लिंक नसेल, पण शिफारस प्रत्येकाची चालू आहे. तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही स्थळं सुचवायला निघाल. "घर चांगलं आहे हो, मुलगा शांत आहे, बिनधास्त द्या!" तेव्हा त्या मुलीची आई वेणूवहिनींसारखं तुम्हाला एकच विचारील —

"तुमची लेक दिली असती का तिथं?"

उत्तर घरी जाऊन शोधू नका. इथं, देवासमोर बसल्या बसल्या शोधा. आणि सापडलं, तरच हात जोडा.