नकाशातला तलाव

बुलढाण्याच्या एसटीत नाजिश मांडीवर फोटोफ्रेम्स सांभाळत बसली होती. मोबाईलवरच्या नकाशात नदी, झाडं, वावरं चुकीची दाखवलेली दिसली की ती तिथं जाऊन फोटो काढायची आणि नकाशाचं चित्र व तो फोटो एकाच फ्रेममध्ये लावायची. आज शहरात या फ्रेम्सचं प्रदर्शन होतं. पुढच्या सीटवर धाड गावचे उकंडराव आणि त्यांची बायको सत्यभामाबाई बोलत होते.

“तलाठी साहेब काय म्हणले, नीट सांगा,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“नकाशात आपल्या वावरात तलाव दिसते म्हणे. तलावात बोंडअळी कशी लागीन?”

“मंग बीटी कपाशी काय पाण्यात पेरली आपण?”

“मले काऊन इचारतं? नुकसानीच्या पंचनाम्यात आपलं नाव घ्या, हेच साहेबाले सांगाले तं चाललो.”

“अन् नाही घेतलं तर?”

हे ऐकून नाजिशनं एका फ्रेमवरचा कागद सोडला.

“काकू, हे वावर तुमचं तर नाही?”

“अवो, आपलीच बाभूळ. अन् हे किडलेले बोंडं पाहा.”

“इकडं निळं काय आहे?”

“तो नकाशा, काका. ढगाच्या सावलीले पाणी समजला. दुसरा फोटो मी बांधावरून काढला. घेऊन जा, साहेबाले दाखवा.”

उकंडरावांनी फ्रेम बराच वेळ निरखली.

“पोरी, दोन्ही फोटोच आहेत. साहेबानं निळाच खरा मानला तर?”



“तर तूच चाल संगं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “तू तं पायानं गेली होती तिथं.”

स्टँडवर उतरल्यावर नाजिश प्रदर्शनाकडे न वळता त्यांच्यासोबत निघाली.