दुसऱ्या भागातला लांडगा

(संध्याकाळचे पावणेसात. वैष्णवी पिंपळवंडीच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि कालव्याच्या वाटेनं एकटीच घराकडे निघाली. मळ्यातल्या घरात तिचा धाकटा भाऊ रुपेश पायाला प्लॅस्टर घालून खाटेवर, फोन स्पीकरवर. आई रत्ना दारात.)

वैष्णवी: बोल की. घर येईस्तोवर गप्प बसायचं नाही, ठरलंय ना?

रुपेश: बोलतोय. तुझ्या फोनचा आवाज मोठा आहे ना?

वैष्णवी: फुल्ल. उसातली पाखरं उठली तुझ्या आवाजानं.

रत्ना: काय दिसतंय म्होरं, इचार तिला.

वैष्णवी: एका अंगाला कालवा, एका अंगाला ऊस. अजून काय दिसणार, आई?

रत्ना: तुझा बाप गाडी घेऊन फाट्यावर गेलाय आन् तू आडवाटेनं.

वैष्णवी: मला काय माहीत? रुप्याच म्हणाला, बिबट्या दुपारी पिंजऱ्यात घावला, वाट मोकळी आहे.

रुपेश: म्हणालो खरा.

रत्ना: सातला लाईट जाती. पाय उचल.

वैष्णवी: उचलतेय. रुप्या, गेमचं सांग. नवा भाग कसाय?

रुपेश: लई भारी. गवत हललं तरी कळतं वारा कुठनं आला.

वैष्णवी: पहिल्याची सर नाही यायची. एकाच फोनवर दोघं. तू डाव्या अंगठ्यानं चालवायचास, मी उजव्यानं तलवार मारायचे.

रुपेश: आणि मेलो की माझ्यावर ढकलायचीस.

वैष्णवी: तूच खड्ड्यात न्यायचास. म्हातारी आहे का यात? फुकट भाकर देऊन जीव भरून द्यायची ती?

रुपेश: नाही. यात फुकट कुणी काही देत नाही.

वैष्णवी: मग कसला भारी? बरं, पुलावरचा काळा लांडगा?

रुपेश: तो आहे की.

रत्ना: रुपेश, फोन बंद कर जरा.

रुपेश: बंद नको. माईक दाबलाय, तिला ऐकू जात नाही. बोल.

रत्ना: शेजारच्या आदेशचा मेसेज आलाय गावच्या ग्रुपवर. पिंजऱ्यात घावली ती मादी व्हती. दुसरा आत्ता कालव्याच्या पुलावर दिसला. मोरीपाशी. माणसं बॅटऱ्या घिऊन निघालीत.

रुपेश: ती मोरीकडंच येतेय. सांगतो तिला.

रत्ना: नगं. घाबरून पळंल ती. पळाली की संपलं.

वैष्णवी: रुप्या? आवाज गेला तुझा.

रुपेश: आहे, आहे. आईला पाणी देत होतो.

वैष्णवी: तू? त्या पायानं?

रुपेश: लांडग्याचं सांगत होतो. पहिल्या भागात त्याला एकदा मारलं की वाट कायमची मोकळी.

वैष्णवी: हां, देवळात घंटा वाजायची.

रुपेश: यातपण घंटा वाजते. आपण बिनधास्त निघतो. आणि पुलावर दुसरा बसलेला असतो.

वैष्णवी: ही तर चीटिंग झाली.

रुपेश: मीपण फसलो. पळालो. पहिल्या भागात पळालं की सुटायचो. यात पळालं की मागं लागतो. खाली वाकलं तरी येतो.

वैष्णवी: मग करायचं काय?

रुपेश: ताठ चालायचं. उंच दिसायला पिशवी डोक्यावर घ्यायची. गवताची बाजू सोडून पाण्याच्या कडेनं जायचं. आणि पुलापर्यंत जायचंच नाही. अलीकडं एक गोठा लागतो. घरी पोचायचा हट्ट सोडून त्यात शिरायचं, दार लावून घ्यायचं.

वैष्णवी: गेममध्ये गोठा?

रुपेश: हो.

वैष्णवी: कुणाचा?

रुपेश: ताई, तू चालत राहा.

वैष्णवी: मला कुशाबा अण्णांच्या गोठ्याचा दिवा दिसतोय. तो का?

रुपेश: तोच.

वैष्णवी: बरं.

रत्ना: काय म्हणली?

रुपेश: बरं म्हणाली.

वैष्णवी: घेतली पिशवी डोक्यावर. कुठं दिसला, रुप्या?

रुपेश: मोरीपाशी. माणसं निघालीत तिकडनं.

वैष्णवी: आई रडतीये का?

रत्ना: न्हाई गं. मी कशाला रडू? तू सरळ म्होरं बघ.

वैष्णवी: मी आता बोलत नाही, दम लागतोय. तू बोल, मोठ्यानं. थांबू नकोस.

रुपेश: ऐक. पहिल्या भागात चित्रं साधी होती. झाडं चौकोनी. लांडगा शेळीसारखा दिसायचा, तू हसायचीस. म्हणायचीस, ह्याला दावं बांधून बाजारात नेऊ. मला मात्र भ्या वाटायचं. मी डोळे मिटायचो आणि तू एकटीच दोन्ही अंगठ्यांनी...

रत्ना: लाईट गेली.

रुपेश: ताई, गोठ्याचा दिवा आहे का? ताई?

रत्ना: काय म्हणती?

रुपेश: काही नाही. नुसता ऊस वाजतोय.

रत्ना: कट झाला आसंल.

रुपेश: नाही. फोन चालू आहे. सेकंद पळतायत.

रत्ना: मग तू का थांबलास?

रुपेश: ताई, तर त्या पहिल्या भागात, पूल संपला की लगेच म्हातारीचं घर यायचं...